टाकी ते टाकी

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी घरखर्चाची वही उघडून बसले आणि पेट्रोलच्या रकान्यापाशी अडले. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे माझी वही अगदी चोख असणार असा घरच्यांचा समज आहे. प्रत्यक्षात दुधाचा हिशोब महिन्यातून दोनदा चुकतो. पण पेट्रोलचा आकडा चुकलेला नव्हता. गाडी पूर्वीपेक्षा कमी फिरत होती आणि पेट्रोल पूर्वीपेक्षा जास्त पीत होती. यजमानांची बदली हुबळीला झाल्यापासून ते रेल्वेने ये-जा करतात. म्हणजे गाडीचं काम एवढंच उरलं होतं : आठवड्यातून दोनदा अत्तींना डायलिसिसला नेणं-आणणं, आणि अधूनमधून बाजार. (अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. मी निपाणीची, सासर धारवाडकडचं. लग्न होऊन आले तेव्हा 'अत्ती' हा पहिला कन्नड शब्द शिकले, आणि मग त्यांच्याशी भांडता येण्याइतकं कन्नड आपोआप येत गेलं.)

डायलिसिसच्या दिवशी मला तास असतात. म्हणून आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा गाडी चालवायला येतो. सकाळी आठला अत्तींना घेऊन जातो, चार-साडेचार तास तिथेच थांबतो आणि त्यांना हाताला धरून घरात आणून बसवतो. त्याचे रोजचे पैसे ठरलेले आहेत.

रविवारी रात्री फोनवर मी आकडे वाचून दाखवले. यजमान क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पोरगा पेट्रोल काढत नाही ना?"

हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता असं म्हटलं तर ते खोटं होईल. आला होता, फक्त बोलून दाखवला नव्हता. चार तास गाडी त्याच्या ताब्यात, किल्ली त्याच्याकडे. दुसऱ्या दिवसापासून मी गाडी निघताना आणि परत आल्यावर किलोमीटरचा आकडा लिहून घेऊ लागले. पेट्रोलसाठी पैसे हातात देणं बंद केलं आणि स्वतः पंपावर जाऊ लागले. मुलगा काही बोलला नाही. पण तिसऱ्या खेपेला माझ्या हातातली वही त्याने पाहिली, आणि त्या दिवसापासून घरात येऊन पाणी प्यायचं सोडलं. ते अत्तींच्या लक्षात आलं. "हुडगन म्याल संशय ब्याड," एवढंच त्या म्हणाल्या. पोरावर संशय नको. यांना माणसांची पारख आहे, पण पारखीने टाकी भरत नाही, असं मी मनातल्या मनात उत्तर दिलं.

वाचकहो, इथे माझी पहिली चूक सांगते, कारण ती बहुतेक घरांत होते. आपण मायलेज मोजतो ते पैशांवर. 'दीड हजाराचं टाकलं, मंगळवारपर्यंत गेलं' हा काही हिशोब नव्हे. काट्यावरही विसंबता येत नाही. टाकीच्या आकारामुळे काटा वरच्या अर्ध्यात रेंगाळतो आणि खालच्या अर्ध्यात धावतो. त्यात आपण सीमेवरची माणसं. पंप निवडताना आपण भाषेपेक्षा दर बघतो. २०१२ साली गोव्यात पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला, तेव्हा बेळगावच्या किती गाड्या चोर्ला घाट उतरून टाकी भरून आल्या ते आठवा. एकदा इथे, एकदा तिथे, कधी पाचशेचं, कधी हजाराचं भरलं की वहीत मायलेज सापडत नाही.

खरी पद्धत टाकी ते टाकी. नॉझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची आणि तिथेच थांबायचं. त्यावर 'राउंड फिगर' करण्यासाठी अजून थोडं ओतू द्यायचं नाही. किलोमीटरचा आकडा लिहायचा. गाडी नेहमीसारखी चालवायची. टाकी अर्ध्याच्या खाली आली की त्याच पंपावर, जमल्यास त्याच मशीनवर, पुन्हा तशीच भरायची. मधल्या किलोमीटरना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरनी भागायचं. एका खेपेवर विश्वास ठेवू नये, दोन-तीन तरी कराव्यात.

माझी पहिली खेप : ३१२ किलोमीटर, २८.४ लिटर. म्हणजे लिटरला ११. जुन्या वहीत १६ च्या आसपासचे आकडे होते.

पंपावरही संशय घेऊन झाला. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. मी मागितलं. मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांनी आधी नाक मुरडलं, आणि मग उतरून तेही बघायला आले. माप बरोबर निघालं.

मग एका गॅरेजात गाडी दिली. गॅरेज मोठं, बसायला सोफा, प्यायला कॉफी. त्यांनी एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, 'इंजेक्टर क्लीनिंग' केलं, टाकीत कसलीशी बाटली ओतली आणि साडेपाच हजारांचं बिल हातात दिलं. पुढची खेप आली ११.२. एअर फिल्टरबद्दलचा आपला समज कार्ब्युरेटरच्या काळातला आहे, हे मला नंतर कळलं. कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, त्यामुळे धूर आणि खर्च दोन्ही वाढायचे. आता हवा किती आली ते मोजून कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल सोडतो. फिल्टर तुंबला तर गाडीचा जोर कमी होतो, मायलेजला फारसा फटका बसत नाही. फिल्टर बदलावा, जरूर बदलावा, पण १६ चे ११ होण्याचं खापर त्याच्यावर फोडू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. मे महिन्यात माहेरी कार्य होतं. निपाणीला जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. गाडी मुलगाच चालवणार होता. निघताना मी इथे टाकी भरली, दिवसभर गाडी माहेरच्या अंगणात माझ्या डोळ्यांसमोर, किल्ली माझ्या पर्समध्ये. संध्याकाळी परत येऊन त्याच पंपावर पुन्हा टाकी भरली. १५२ किलोमीटर, ११.२ लिटर. म्हणजे लिटरला साडेतेरा.

घरी येऊन जुनी वही काढली. २०१९ मध्ये याच गाडीने, याच रस्त्यावर १८ दिले होते.

मी तो आकडा बघत किती वेळ बसले कोण जाणे. हिशोब सरळ होता. जुने १६ आले होते त्यात हायवेच्या फेऱ्या मिसळलेल्या होत्या. आता गाडी फक्त गावात सात-सात किलोमीटर फिरते, तेव्हा आकडा थोडा उतरणारच. पण कारण तेवढंच असतं, तर हायवेवर गाडीने पूर्वीइतकंच द्यायला हवं होतं. ते दिलं नाही, म्हणजे गाडीतच दोष आहे. आणि त्या दिवशी टाकीतून कुणी थेंबभर काढणं शक्य नव्हतं. चोर सापडला नव्हता, पण तो मुलगा चोर नाही एवढं भागाकाराने सिद्ध झालं होतं.

त्याहून वाईट पुढचं. परतताना संकेश्वरच्या अलीकडे एका उतारावर तो म्हणाला होता, "अक्का, मी मागेच सांगितलं की. गाडी उतारावर सोडली तरी पळत नाही. धरून ठेवल्यासारखी होते." सांगितलं होतं खरंच, मार्चमध्ये. तेव्हा मला ती पेट्रोलचा खर्च झाकायची सबब वाटली होती.

दुसऱ्या दिवशी त्यालाच म्हटलं, चांगला मिस्त्री तू दाखव. तो मला उद्यमबागेकडे एका शेडमध्ये घेऊन गेला. सोफा नव्हता. मिस्त्री साठीच्या पुढचे, बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. मुलाला म्हणाले, गाडी दहा किलोमीटर फिरवून आण, शक्यतो ब्रेक न लावता, आणि शेवटी आपली आपण थांबू दे. गाडी आल्यावर ते चारी चाकांपाशी वाकले आणि हाताचा पंजा चाकाजवळ नेऊन, न टेकवता, धग बघत गेले. पुढच्या डाव्या चाकापाशी थांबले. "बिसी," म्हणाले. गरम. बाकीची तीन चाकं कोमट होती. पाण्याचे दोन थेंब आतल्या डिस्कवर उडवले, ते चर्र करून उडाले. "ब्रेक हिडदैत्री अक्का." ब्रेक धरलाय.

जॅक लावून चाक उचललं आणि हाताने फिरवलं. उजवं चाक ढकलल्यावर दीड-दोन फेरे फिरलं, डावं अर्ध्या फेऱ्यातच अडलं. मी अशी बाई आहे की मला टायर बदलता येत नाही, पण हे मलाही समजलं. ब्रेकचे पॅड ज्या कॅलिपरमध्ये बसतात तो दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो. पिनांमधलं ग्रीस वाळून तिथे गंज धरला होता. पाय काढला तरी पॅड डिस्कला घासतच राहत होता. थोडक्यात, गेले कित्येक महिने आम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवत होतो. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा निम्मा झिजला होता. पिना साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावलं आणि पुढचे पॅड जोडीने बदलले. घरचं साधं ग्रीस तिथे चालत नाही, त्याने रबर फुगतं.

मग हवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर किती हवा हवी ते लिहिलेलं असतं. मी इतक्या वर्षांत तो वाचला नव्हता. आमच्या गाडीला ३३ हवी होती. चाकं थंड झाल्यावर मोजली तर २४, २६, २३, २७. दिसायला टायर ठणठणीत होते. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि सुटतो, आणि त्या मळण्यातच ताकद जाते. शिवाय टपावरचं कॅरियर काढून ठेवायला सांगितलं. यजमानांचं सामान हुबळीला पोचवलं तेव्हापासून ते उगाच वारा अडवत होतं. गावात त्याने काही बिघडत नाही, पण ऐंशीच्या वेगाला बिघडतं. डिकीत दिराने पाठवलेलं जोंधळ्याचं पोतं होतं, तेही उतरवलं. अत्तींची चाकाची खुर्ची मात्र राहिली, तिला पर्याय नाही.

मी म्हटलं, झालं का? मिस्त्री म्हणाले, "एकेक करा. आता एक टाकी घालवून बघा, मग या." सगळं एकदम बदललं तर कशाने गुण आला ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या विषयात यासाठी मोठमोठे शब्द आहेत. ते मुलांना समजावताना माझा घसा कोरडा पडतो.

पुढची खेप आली १२.३. सुधारणा झाली, पण पुरेशी नाही. पुन्हा शेडमध्ये. या वेळी गाडी रात्रभर तिथेच ठेवून घेतली आणि मला सकाळी सातला बोलावलं. थंड इंजिन चालू केलं आणि रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या जाड नळीवर माझा हात ठेवला (पंख्यापासून लांब, आणि पदर खोचून, हे त्यांनी दोनदा बजावलं). इंजिन तापेपर्यंत ही नळी थंड राहायला हवी. आत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. ती इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊच देत नाही. मग झडप उघडली की नळी एकदम गरम होते. आमची नळी पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेली. झडप उघडी राहून अडकली होती.

मला वाटलं, बरंच आहे की, बेळगावच्या उन्हाळ्यात इंजिन थंड राहतंय. मिस्त्री हसले. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. सकाळी पहिली पाच मिनिटं हे ठीक आहे, पण आमच्या गाडीची सकाळ संपतच नव्हती. त्यांनी स्कॅनर लावून हायवेवर एक चक्कर मारली. पाण्याचं तापमान ६४, ६५. हवं होतं ८५ ते ९०. वेग वाढला की वारा लागून ते आणखी उतरायचं, म्हणून हायवेवरचा आकडाही पडला होता. आमच्या गाडीला तापमानाचा काटा नाही, फक्त निळा दिवा आहे. तो हल्ली उशिरा विझतो हेही मुलाने सांगितलं. त्याला विचारलं कुणी होतं? इंजिनचा पिवळा दिवा मात्र कधीच लागला नव्हता. तो लागला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चालू नये.

थर्मोस्टॅट आणि नवं कूलंट मिळून दोन हजारांच्या आत काम झालं. एक गोष्ट सांगून ठेवते, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कुणीही उघडू नये. त्याने तोंड भाजलेली माणसं मिस्त्रींनी पाहिली आहेत.

मग गावातली खेप २६८ किलोमीटरला २०.१ लिटर, म्हणजे १३.३. निपाणीला पुन्हा मुद्दाम जाऊन आले. आईला वाटलं, लेकीला हल्ली फार माया आली आहे. १५२ किलोमीटरला ८.९ लिटर. १७.१.

१८ नाहीत, १७.१. उरलेलं कुठे गेलं? त्याचं एक उत्तर आपल्याच शिवारात आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. २०१९ मध्ये ते पाच टक्क्यांच्या आसपास होतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. १५ टक्के वाढीचा तिसरा हिस्सा, म्हणजे पाच टक्के. १८ मधून पाच टक्के वजा करा, १७.१ येतात. आकडा इतका नेमका जुळला की मलाच शंका आली. गाडीचं वय, एसी, त्या दिवशीचा वारा, सगळंच त्यात असणार. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही कमी इथेनॉलसाठी बनलेल्या चारचाकींना २० टक्क्यांच्या मिश्रणावर ६ ते ७ टक्के घट येईल असं म्हटलेलं आहे. म्हणजे एवढी घट बिघाड नव्हे, ती कुठल्याही गॅरेजात दुरुस्त होणार नाही, आणि करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. हे यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "आपल्या टाकीतून गेलं ते दादाच्या उसात आलं म्हणायचं." दिरांचा ऊस चिकोडीकडे आहे. कारखान्याचं बिल वेळेवर आलं तर हा हिशोब मी मान्य करीन.

राहिली गावातली सात-सात किलोमीटरची फेरी. तिथे इंजिन तापेपर्यंत दवाखाना येतो, त्यामुळे गावातलं मायलेज हायवेइतकं कधीच होणार नाही. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर थांबलो की इंजिन बंद, हा नियम केला. आणि एक गोष्ट मीच मुलाला विचारली : चार तास गाडीत बसून एसी लावतोस का? तो गोरामोरा झाला. म्हणाला, "मी बाहेर झाडाखाली बसतो अक्का. फक्त अज्जी यायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं लावतो. सुई काढल्यावर त्यांना घेरी येते की, तापलेल्या गाडीत बसवायचं कसं?"

मी तिथल्या तिथे हिशोब केला. असं उभ्या उभ्या एसी लावून इंजिन चालवलं तर तासाला पाऊण ते एक लिटर जातं. वीस मिनिटांचं पाव लिटर धरलं आणि महिन्याच्या आठ-नऊ खेपा, तर दोन-सव्वादोन लिटर. वहीत मी त्याचा वेगळा रकाना केला आहे आणि तो खर्च कमी करायचा नाही असं ठरवलं आहे.

त्याची माफी मागायची होती. पण घरात येऊन पाणीही न पिणाऱ्या मुलाशी विषय काढायचा कसा? शेवटी एका गुरुवारी अत्तींनीच त्याला हाक मारून आत बोलावलं आणि मला म्हणाल्या, "हेळु." सांग. मी सांगितलं. वही पुढे ठेवली, निपाणीचा भागाकार दाखवला, मार्चमध्ये तू सांगितलंस ते ऐकायला हवं होतं हेही सांगितलं. तो वहीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मग म्हणाला, "अक्का, मला वाटलं तुम्ही दुसरा ड्रायव्हर बघताय." ते खरं होतं. दोन जणांना मी विचारलंही होतं. तेवढं मात्र मी त्याला सांगितलं नाही.

आता किलोमीटर तोच लिहितो. दाराच्या खिशात एक छोटी डायरी ठेवली आहे. एका पानावर त्याचं कन्नड, एका पानावर माझं मराठी. परवा टाकी भरून आला आणि फाटकातूनच ओरडला, "अक्का, तेरा पॉइंट सहा!" अत्ती आतून म्हणाल्या, त्याला आधी आत ये म्हणावं, चहा निवतोय.